मोसेसेची माफी

पोटचा मुलगा असला म्हणून त्याचं सगळंच पोटात घालता येत नाही. काल संध्याकाळी कर्फ्यूला अर्धा तास उरलेला असताना म्हातारा मोसेसे आमच्या ओट्यावर येऊन बसला. मांडी घातलेली, मान खाली, तोंडाला फुलाफुलांच्या कापडाचा मास्क. इथले मूळचे लोक ज्याची मुळं कुटून पाण्यात कालवून पितात त्या यंगोनाच्या मुळांची जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होती, ती त्याने दोन्ही हातांनी पुढे सरकवली. आणि माझ्या मुलाने, मुनेशने, ती घेतली. उचलून नुसती बाजूला ठेवली असती तर मी समजले असते, गोंधळला बिचारा. पण नाही. समोर तशीच मांडी घालून बसला, जुडीला दोन्ही हात लावले, अशा वेळी त्यांच्या भाषेत हळू आवाजात जे म्हणायचं असतं ते सगळं एक शब्द न चुकता म्हणाला आणि तळवे पोकळ धरून तीन टाळ्या दिल्या. पंधराव्या वर्षापासून त्यांच्यात बसून यंगोना पितोय, न यायला काय झालं. त्या टाळ्या अजून माझ्या कानात आहेत, रिकाम्या नारळावर नारळ आपटावा तशा. इथे ज्याच्या हातून चुकलं तो मुळं घेऊन जातो आणि ज्याचं नुकसान झालं तो ती घेतो. घेतली की प्रकरण पुरलं. मग ते नातवंडांनीसुद्धा उकरायचं नाही. आता मला सांगा, तीन आठवड्यांपूर्वी मुनेश चालवतो त्या उसाच्या गाडीच्या इंजिनाखाली मोसेसेच्या मुलीचा, लितियाचा, डावा पाय घोट्याच्या वर तुटला. पाय तिचा गेला आणि माफी मागायला बाप तिचाच आला.

"मुनेश," मोसेसे जमिनीकडे बघत म्हणाला, "माझी मुलगी तुझ्या वाटेत आली. तुझी झोप तिनं नेली. आम्ही रुळावरून चालणारी माणसं, आम्हाला कळायला हवं होतं." मग माझ्याकडे तोंड करून, तेही खालीच बघत, "मरामा, तुझ्या घराला आमच्यामुळं त्रास झाला." बाईमाणसाला मान देऊन ते लोक मरामा म्हणतात. बावन्न वर्षं मी या गल्लीत राहते, या शब्दाने माझी छाती नेहमी वीतभर फुगते. काल फुगली नाही. मी दारात चहाचा कप घेऊन उभी होते आणि माझी जीभ, जिला सगळी गल्ली घाबरते, टाळ्याला चिकटून बसली. मोसेसे गेला. जाताना त्याने चपला हातात घेतल्या आणि फाटकाबाहेर जाऊन घातल्या. सत्तर वर्षांचा माणूस. मुनेश उठला, जुडी फडताळावर ठेवली, आणि जेवला. दोन वेळा भात घेतला. तीन आठवडे ज्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता त्याने काल दोन वेळा भात घेतला, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

आज सकाळपासून तो मागच्या अंगणात आंब्याखाली खुर्ची टाकून बसलाय, रुळांच्या लाइनीकडे पाठ करून. दहा वाजता साखरेच्या मिलचा साहेब येणार, मुनेशचा जबाब वाचून दाखवणार, सही घेणार, आणि सोमवारपासून तो परत इंजिनावर. जबाबात लिहिलंय, ड्रायव्हरने वळणावर नेहमीप्रमाणे भोंगा वाजवला, वारा उलटा असल्यामुळे बाईला ऐकू आला नसावा. मी तीन इयत्ता शिकलेली बाई, पण कुशमाने, माझ्या सुनेने, तो कागद मोठ्याने वाचला तेव्हा 'नेहमीप्रमाणे' हा शब्द माझ्या दाताखाली खड्यासारखा आला. तेव्हापासून मी एका जागी बसू शकत नाही. तांदूळ निवडले, परत निवडले. ओट्यावर काल तो म्हातारा बसला होता तिथे दोन बादल्या पाणी ओतलं आणि ओतल्यावर वाटलं, हे काय केलं, कुणी बघितलं तर म्हणेल आजीने विटाळ धुतला. दोरीवरचे कपडे काढले, मिलच्या धुराड्याची काजळी पडली होती म्हणून झटकले, परत वाळत घातले. सीझनचे दिवस, सगळ्या हवेला काकवीचा वास, तो नाकातून जात नाही, घशात बसतो. आत माझा म्हातारा, मुनेशचा बाप, उकडलेला कसावाचा कंद आणि चिंचेची चटणी खातोय. चांगला झालाय आता. आवाजसुद्धा मोठा झालाय. "गाडी गेली का गं?" त्याने आतून विचारलं. तो सहज विचारतो. मी परत तांदूळ निवडायला घेतले.

गाडी गेली का. हे तीन शब्द गेलं दीड वर्ष सगळी गल्ली मला विचारत होती. त्याआधी कोण विचारणार? लाइन होती, मी लग्न होऊन आले त्याआधीपासून होती, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून बारा पावलांवर, आणि उसाच्या गाड्या सीझनभर जात-येत असत. शहरात मोठ्या रस्त्यावर ताडांच्या रांगेमधून जाताना ती गाडी कशी मिरवते, लोक फोटो काढतात. आमच्या मागून जाताना ती घरातल्यासारखी जाते. सकाळी मिलकडून रिकामे डबे उतारावरून खाली शेतांकडे, दुपारी तीनच्या सुमाराला भरलेले डबे चढावरून वर मिलकडे. मला खिडकीशी जावंसुद्धा लागत नाही. फळीवर पिठा-मसाल्याचे डबे आहेत, त्यांची झाकणं आधी बोलतात. भरलेली गाडी येत असली की पिठाच्या मोठ्या डब्याचं झाकण घुमतं, म्हातारा माणूस नाकात बोलतो तसं. रिकामी असली की मसाल्याची छोटी झाकणं टिकटिकतात. मुनेश पाळण्यात होता तेव्हापासून तो आवाज ओळखायचा, मोठं झाकण घुमलं की हसायचा. ज्या दिवशी तो पहिल्यांदा इंजिन चालवत मागून गेला, त्या दिवशी मी मागच्या दारात उभी राहिले नवी साडी नेसून आणि शेजारणीला म्हटलं, बघ, दहा टन लोखंड माझ्या पोरानं धरलंय. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं घर उताराच्या पायथ्याशीच आहे, आणखी खाली कुठे जाणार?

मग रोग आला. विमानं बंद, नांदी शहरातली हॉटेलं बंद, कुशमाची विमानतळावरची नोकरी बंद, बस बंद. रस्त्यावर चौका-चौकात पोलीस, पास दाखवा, कुठे चाललात, का चाललात. रुळावर कोण विचारतो? सगळी वस्ती रुळावरून चालायला लागली. डोक्यावर कसावाच्या पिशव्या, काखेत पोरं, हातात कोंबड्या. पैसा कुणाकडे नव्हता, जो तो आपल्याकडचं देऊन दुसऱ्याचं घेत होता, आणि तो सगळा बाजार माझ्या खिडकीखालून जात होता. कुणीतरी एकदा विचारलं, आजी, गाडी गेली का? मी झाकणांवर कान ठेवून म्हटलं, अजून नाही, थांब थोडा. दोन मिनिटांत गाडी आली. झालं. तेव्हापासून मी लाइनवाली आजी. माझ्या खिडकीखाली दहा-दहा माणसं उभी राहायची आणि मी म्हटल्याशिवाय पाऊल टाकायची नाहीत. एकदा एक पोलीससुद्धा विचारून गेला. मी त्याला म्हटलं, "रुळावरून चालायला बंदी आहे ना रे?" तो म्हणाला, "आहे आजी. गेली का ते सांग."

मुनेश मात्र घरी येऊन चिडायचा. "माई, तू त्यांना धीर देतेस. आज वळणावर सात माणसं होती. काल पाच. ब्रेक मारला की गाडी काही जागेवर उभी राहते का? मागं तीस डबे असतात." पहिल्या वर्षाच्या शेवटी मिलमध्ये मीटिंग झाली, सगळे दोन-दोन मीटरवर उभे, आणि साहेबाने आकडे वाचले. रस्त्याच्या फाटकांवर मोटारींशी टकरा मागच्या सीझनला अकरा, या सीझनला दोन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. मी म्हटलं, "रस्त्यावर मोटारीच नाहीत तर टकरा कुणाशी होणार, बैलाशी?" मुनेश हसला नाही. म्हणाला, "तेच मी साहेबाला म्हटलं. मोटारी कमी झाल्या, माणसं वाढली. साहेब म्हणाला, माणसाला लागल्याची एकतरी नोंद आहे का? मी म्हटलं, लागलं नाही अजून. म्हणाला, मग काय लिहू?" थोडक्यात वाचलेल्यांसाठी त्या कागदावर जागाच नव्हती. ते मुनेश मनात धरून ठेवायचा, आणि रोज जेवताना एकेक बाहेर काढायचा. हा असा वाकला होता, ती अशी उडी मारून गेली, एका बाईने पोराला ओढलं तेव्हा पोराची चप्पल चाकाखाली गेली. मी म्हणायची, "जेव आधी." त्यात रोगाच्या नियमाने इंजिनाच्या केबिनमध्ये एकच माणूस. त्याचा जोडीदार जोसेवा, जो वीस वर्षं डावीकडे बघायचा, तो घरी बसला. मुनेश एकटा दोन्हीकडे बघणार, म्हणजे वळणावर डावीकडचं त्याला अर्धंच दिसणार. मला हे सगळं ठाऊक होतं. त्याने जेवताना सांगितलं होतं. मला ठाऊक नव्हतं असं मी कुणालाच म्हणू शकत नाही, आणि तीच तर आग आहे.

लितिया रुळावरून रोज येणारी. नांदीच्या हॉटेलात खोल्या आवरायची, हॉटेल बंद झालं तशी खाडीत खेकडे धरायला लागली. केवड्याच्या पातीने बांधलेले खेकडे मला द्यायची आणि माझ्याकडून आंब्याचं लोणचं, रोट्या न्यायची. हसरी, आडव्या अंगाची, तोंडाळ. मला म्हणायची, "आजी, तुझं लोणचं खाऊन माझा बाप चर्चमध्ये गाताना खोकतो." मी म्हणायची, "त्याला सांग, हिंदूचं लोणचं आहे, चर्चमध्ये उलटणारच." "तू मेलीस की मला बरणी ठेवून जा." "आधी तू खेकडे मोठे आण, मग मी मरायचं बघते." अशी बोलणारी दुसरी कोण आहे या गल्लीत मला? बाकीच्या सगळ्या आजी आजी करत मान डोलावतात.

जुलैत माझ्या म्हाताऱ्याला रोगाने धरलं. हॉस्पिटलबाहेर तंबू लागले होते, तंबूतसुद्धा जागा नव्हती, नर्सने गोळ्या दिल्या आणि म्हणाली घरीच ठेवा, पालथं झोपवा. तीन दिवस त्याला झोप नाही. डोळा लागला की श्वास अडकायचा, दचकून उठायचा, माझं मनगट असं धरायचा की काळं-निळं व्हायचं. चौथ्या दिवशी सकाळी त्याचा डोळा लागला आणि मुनेश रिकामे डबे घेऊन उतारावर आला, भोंगा वाजवला, आणि म्हातारा अंथरुणातून असा उडाला, ओठ निळे, मला वाटलं संपलं. दुपारी मुनेश मागच्या कुंपणाशी येऊन उभा राहिला, घरात रोग म्हणून त्याला आत यायला बंदी, त्या दिवसांत तो मिलमध्येच झोपायचा. मी खिडकीतून म्हटलं, "घरामागून जाताना भोंगा नको. आणि उतारावर ते इंजिन ढुरढुर करू नकोस, घरंगळत ने."

"माई, वळणावर वाजवावाच लागतो."

"कुणाला लागतो?"

"नियम आहे."

"तुझा बाप मरतोय आणि तू मला नियम सांगतोस? लाइन माझ्या डोळ्यासमोर आहे. मी बघते. कुणी असलं तर मी ओरडेन. माझा आवाज तुझ्या भोंग्यापेक्षा मोठा आहे."

हसला तो. त्या सगळ्या दिवसांत तेवढंच हसला. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने गाडी अशी नेली, झोपलेलं पोर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घ्यावं तशी. दहा दिवस. मी खिडकीत. म्हातारा झोपायचा, मी त्याचं पोट वर-खाली होताना बघायची आणि मला वाटायचं, माझ्या जिभेने यमालासुद्धा परत पाठवला.

तो दिवस मंगळवार. तीन वाजता भरलेली गाडी वर गेली, मोठं झाकण घुमलं, मी पाहिली. त्यानंतर तासाभराने लितिया खिडकीखाली आली, मिलच्या बाजूच्या वस्तीत खेकडे देऊन घरी चालली होती, पाठीला टोपली. "गेली ना आजी?" मी तव्यावर पोळी टाकत होते. "गेली. आता उद्याच. बिनघोर जा." मागे कुशमा भांडी घासत होती. लितिया गेली. मला कुठे ठाऊक, त्या दिवशी दुसऱ्या इंजिनावरच्या दोघांना रोगाच्या संशयावरून दोन वाजता घरी पाठवलं होतं, आणि त्यांची फेरी मुनेशच्या माथी मारली होती, रिकामे डबे खाली न्यायची, चार वाजता, जी त्या वेळेला कधीच नसते. हे मी पोलिसांना सांगू शकते. हे मी कुणालाही सांगू शकते, आणि कुणीही म्हणेल, आजी, तुझा काय दोष.

पण झाकणं टिकटिकली.

लितिया पन्नास-साठ पावलं गेली असेल तेव्हा मसाल्याची छोटी झाकणं टिकटिकली. रिकामी गाडी, मिलकडून. बावन्न वर्षांत ती झाकणं एकदाही खोटं बोलली नाहीत. पहिल्या टिकटिकीपासून इंजिन खिडकीपुढे यायला एक पोळी दोन्ही बाजूंनी भाजायला लागतो तेवढा वेळ लागतो. मागचं दार चार पावलांवर. माझ्या तोंडात हाक आली होती. आणि मी पोळी उलटली. म्हातारा झोपला होता म्हणून, असं मी स्वतःला इतके दिवस सांगत आले आणि ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की मी आत्ताच, सुनेदेखत, म्हटलं होतं गेली. आता उद्याच. लाइनवाल्या आजीने म्हटलं होतं. मग मी धावत जाऊन बोंबलायचं, अगं नाही, चुकले, येतेय? मला वाटलं, वाऱ्याने वाजली असतील. वारा होता, समोरून खाडीकडून येत होता, लितियाच्या तोंडावर, तिच्या पाठीमागचा सगळा आवाज मागच्या मागे पळवत होता. मी पोळी उलटली, ती फुगली, मी फडक्याने दाबली. खिडकीतून इंजिन गेलं, घरंगळत, एक आवाज नाही. मग डबे, डबे, डबे. वळणापलीकडे नाल्यावर पूल आहे, बाजूला सरकायला जागा नाही, खाली रुळांची लाकडं आणि लाकडांमध्ये फट. मग ब्रेकचा आवाज आला आणि म्हातारा दचकून उठला. त्याचा श्वास मात्र त्या वेळी अडकला नाही. "काय झालं गं?" असं स्वच्छ विचारलं. त्या दिवसापासून तो बराच होत गेला. मेला असता तर निदान दुसऱ्या पारड्यात टाकायला माझ्याजवळ काहीतरी असतं. असं मनात येतं आणि मी त्याच्यासाठी कसावा उकडते, मीठ जास्त पडतं, तो तक्रार न करता खातो.

सगळे माझ्यावर दया करतायत, हे मला सोसत नाही. मुनेशने मला आजपर्यंत एकदाही विचारलं नाही, माई, तू बघत होतीस ना? पोलिसांना सांगून टाकलं, वाजवला भोंगा. लितिया हॉस्पिटलात, भेटायला बंदी, पण कुशमाची मावसबहीण तिथे नर्स आहे. तिने सांगितलं, पोलिसांनी विचारल्यावर लितिया म्हणाली, वाजला असेल भोंगा, माझंच लक्ष नव्हतं. आजीने मला जा म्हणून सांगितलं, हे तिच्या तोंडून निघालं नाही. का नाही निघालं? लोणच्यासाठी? म्हातारी आहे, जाऊ दे, म्हणून? शिळी पोळी कुत्र्याला टाकावी तशी दोघांनी माझ्यापुढे दया टाकलीय आणि तिसरा तो मोसेसे, त्याला तर ठाऊकही नाही, तो दया बांधून वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. मुनेशचं खरं ठरलं की लितियाचं चुकलं ठरतं. सरळ आहे. रुळावरून चालण्याचा गुन्हा तिच्या नावावर, मिलकडून औषधालाही काही नाही, आणि हॉटेलं डिसेंबरात उघडतील तेव्हा एका पायाच्या बाईला खोल्या आवरायला कोण बोलावणार? मी गप्प बसले की झालं. मला काहीच करायचं नाहीये. गप्प बसणं इतकं सोपं असतं हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं, कारण त्याआधी मी कधी बसलेच नव्हते.

साडेनऊला मी कुशमाला म्हटलं, "साहेब आला की त्याला आधी माझ्याकडे पाठव."

तिने हातातला कप खाली ठेवला. "कशाला?"

"बोलायचंय."

"माई, पाया पडते तुमच्या. आज नका बोलू. एक दिवस नका बोलू. सही झाली की संपलं."

"कुणाचं संपलं?"

"ह्यांची नोकरी जाईल. नोकरीच कशाला, खोटा जबाब दिला म्हणून आत टाकतील. माझं काम गेलंय, घरात सहा तोंडं आहेत. मोसेसेकाकांनी मुळं दिली, ह्यांनी घेतली. त्यांच्यात पुरलं म्हणजे पुरलं, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना? मग आता का उकरताय?" मग तिचा आवाज खाली गेला, खाली गेला की ती जास्त धोक्याची. "तुमच्या तोंडानं आधीच एक पाय..." आणि थांबली. ओठ दाताखाली धरले.

"पुरं कर."

"काही नाही."

"पुरं कर गं. तू भांडी घासत होतीस ना मागं? तूही ऐकलंस मी तिला काय म्हटलं ते."

"ऐकलं," कुशमा म्हणाली. "झाकणंही ऐकली. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

म्हणजे दोघी. माझ्यामुळे तीही. या घरात लाइनीबद्दल मी बोलायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची, ही रीत मीच घातलेली. तिच्या हाताला साबण होता आणि तिला वाटलं, सासूला माहीत असेल. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले आणि ठेवता आला नाही, तो प्रकार मला जमत नाही. म्हटलं, "चहा ठेव. साहेबाला बिनसाखरेचा लागतो."

मागच्या दारातून बाहेर आले. ऊन चढलं होतं, पत्रा तडतडत होता, साळुंक्या आंब्यात भांडत होत्या. मुनेश तसाच, लाइनीकडे पाठ. मी त्याच्यासमोर उभी राहिले, म्हणजे माझं तोंड लाइनीकडे झालं. गवत रुळांमधून वर आलंय, तीन आठवडे कुणी चाललं नाही त्यावरून.

"काल मुळं का घेतलीस?"

"माई, नको आता."

"का घेतलीस?"

"नाही घेतली असती तर का नाही ते सांगावं लागलं असतं."

"मग सांगायचं होतं."

"काय सांगू? आईनं भोंगा नको म्हटलं म्हणून वाजवला नाही? आई म्हणाली होती मी लाइन बघते, आणि आई..." तोही तिथेच थांबला. या घरात सगळे त्याच जागेवर येऊन थांबतात, नाल्यावर पूल संपावा तसे.

"आणि आईनं तिला सांगितलं गेली म्हणून. आईला तुझी गाडी येताना कळली होती, मुनेश. झाकणं वाजली. मी पोळी उलटत राहिले."

त्याने वर बघितलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत. मला वाटलं आता ओरडेल, आणि मला ते हवं होतं, कुणीतरी या घरात माझ्यावर ओरडायला हवं होतं.

"मला तू दिसलीस," तो म्हणाला. "खिडकीत. तव्याशी. तू ओरडत नव्हतीस. मी म्हटलं, माई गप्प आहे म्हणजे रस्ता मोकळा आहे. म्हणून ब्रेकवरचा हात काढला."

पुढे मला काही ऐकू आलं नाही, साळुंक्यासुद्धा नाहीत. लहानपणी झोपाळ्यावरून पडले होते तेव्हा असंच झालं होतं, पडल्यानंतर थोडा वेळ दुखत नाही, नुसतं आभाळ दिसतं. त्याचं तोंड हलत होतं. केस पांढरे झालेत याचे, कधी झाले? चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, आईचा चेहरा बघून गाडी चालवतो. हा मी घडवला. गल्लीत कुणाचा मुलगा आईचं एवढं ऐकतो, असं मी पन्नास वेळा म्हटलं असेल शेजारणींना, दात दाखवत. पुढच्या दाराशी गाडी थांबल्याचा आवाज आला, दरवाजा आपटला, कुशमा कुणाला तरी म्हणाली, या साहेब, मास्क राहू द्या, ओट्यावरच बसा. मुनेश उठायला लागला, शर्टाचं वरचं बटण लावत. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला परत खाली बसवला. अजून बसतो माझ्या हाताने.

"ऐक," मी म्हटलं. "भोंगा वाजवला नाहीस ती चूक. ती मी तुझ्याकडून मागून घेतली, तिच्यात मी तुझ्यापेक्षा मोठी वाटेकरी आहे, आणि ते मी आत्ता ओट्यावर जाऊन सांगणार आहे, साखर नसलेल्या चहाबरोबर. तुझी नोकरी जाईल. जाऊ दे. आईचं तोंड बघून गाडी हाकणाऱ्यानं बैलगाडी हाकावी. पण काल तो म्हातारा तुझ्यासमोर मान खाली घालून बसला, तुला सगळं ठाऊक होतं, आणि तू दोन्ही हात पुढं केलेस, त्यात माझा काही वाटा नाही. ते मी तुला शिकवलं नव्हतं. ती त्याची माफी नव्हती, तुझ्याकडून त्याला जायची होती, ती तू त्याच्या हातातून काढून घेतलीस. चोर आहेस तू. दुसऱ्या कुणाचा असतास तर आधी साहेबाला सांगितलं असतं. माझा आहेस, म्हणून आधी तुला सांगते."